आवाज आला की बोट वर

“आमच्या देशात तुम्हाला कशाला यायचंय?” आप्पा स्वयंपाकघरातून गरजले.

स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये ताटं सरकवायला एक खिडकी होती. तिची सरकती काच लावून आप्पा पलीकडे उंच स्टुलावर बसले होते. अंगात ठेवणीतला कोट, नाकावर चष्मा, हातात प्रश्नांचा कागद. घरात कोट कशाला, असं विचारायची सोय नव्हती. अधिकारी म्हटला की कोट हवा, असं आप्पांचं म्हणणं. काचेच्या अलीकडे त्यांची चाळिशी उलटलेली मुलगी छातीशी फाइल धरून उभी होती.

“मोठ्या वयात ज्यांना ऐकू कमी येतं, अशा माणसांना—”

“जोरात! अधिकारी काय कान टवकारून बसणार आहे तुझ्यासाठी?”

“मोठ्या वयात ज्यांना ऐकू कमी येतं, अशा माणसांना मशीनची सवय कशी लावायची, याचा अभ्यासक्रम फक्त तुमच्याकडे आहे!”

“पास! पुढचा प्रश्न!”

आप्पा तिच्या ओठांकडे बघत होते. ओठ हलायचे थांबले की उत्तर संपलं, आणि उत्तर संपलं की पास. उत्तराच्या जागी तिने भाजीचे भाव सांगितले असते तरी पास झाली असती. ही तालीम रोज सकाळ-संध्याकाळ इतक्या जोरात चालायची, की खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंनाही उत्तरं पाठ झाली होती. काकूंनी परवा तिला जिन्यात अडवलं आणि म्हणाल्या, “तिसऱ्या उत्तराला जरा घाई होते बघ तुझी. बाकी छान.”

गंमत अशी, की ही मुलगी रुग्णालयात लोकांचे कान तपासायची. आवाजबंद खोली, मध्ये काच, काचेपलीकडे कानांना हेडफोन लावून बसलेला माणूस आणि अलीकडे ही, बटणावर बोट ठेवून. “आवाज आला की बोट वर करायचं, गेला की खाली,” हे वाक्य ती इतकी वर्षं म्हणत आली होती, की झोपेतही म्हणत असेल. तिथे आलेल्या एका चिमुरडीने तिचं नाव टूंटूंबाई ठेवलं. ते आधी वॉर्डात गेलं, मग औषधांच्या खिडकीवर, आणि शेवटी मोठे डॉक्टरसुद्धा “टूंटूंबाईंकडे पाठवा” असं लिहिता लिहिता राहिले. तेव्हा आपणही त्यांना बाईच म्हणू.

तर अशा या बाईंचे वडील ठार बहिरे नसले, तरी त्याच वाटेवर बरेच पुढे गेलेले. पत्र्याचे डबे ठोकणाऱ्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला होता. मशीनच्या धडाडधूममध्ये कान कधी गेले ते त्यांना कळलं नाही आणि कळल्यावर त्यांनी कोणाला कळू दिलं नाही. “मला सगळं ऐकू येतं. हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात,” हे त्यांचं ठरलेलं. बाईंनी विनवण्या केल्या, भांडणं केली, एकदा अबोलाही धरून पाहिला. पण बहिऱ्याशी अबोला धरून उपयोग काय? आप्पांना दोन दिवस पत्ताच लागला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं बाई स्वतःच म्हणायच्या आणि स्वतःवरच चिडायच्या.

या वेळी मात्र आप्पांनी एक शब्द दिला होता. “तुझा तो व्हिसा झाला ना, की त्याच दिवशी कान दाखवतो. पण तोवर कानाचं नाव काढायचं नाही!”

वर्षभराचा अभ्यासक्रम होता. रुग्णालयाने रजा मंजूर केली होती, शिष्यवृत्ती मिळाली होती, वयाची अट याच वर्षापुरती पुरी होत होती. तरुणपणी अशीच एक संधी आली होती, तेव्हा आईने अंथरूण धरलं आणि बाई थांबल्या. आई गेली, संधीही गेली. आता ही हुकली, तर जन्मभर काचेमागे बसून टूं टूं करायचं हे नक्की. राहता राहिली ती एक मुलाखत.

मुलाखतीसाठी त्या एका सल्लागाराकडेही जाऊन आल्या होत्या. उन्हाळ्यातही टाय बांधून बसणारा माणूस. त्याने मंत्र दिला, “मॅडम, थांबायचं नाही. प्रश्न संपला की उत्तर सुरू. थांबलात की संशय आलाच. आणि वडिलांच्या तब्येतीचा विषय काढू नका. वडील कसे आहेत? ठणठणीत!” बाईंनी मान डोलावली. ठणठणीत तर ठणठणीत.

मुलाखतीच्या दिवशी आप्पा कोट घालून बरोबर आले. फोन वकिलातीत नेता येत नव्हता, म्हणून बाईंचा फोन आणि पर्स सांभाळत ते समोरच्या फुटपाथवरच्या बाकावर बसले. “बिनधास्त जा,” ते म्हणाले. सगळ्या रस्त्याने माना वळवल्या. “आणि जोरात बोल!”

आतला हॉल गार होता. खुर्च्यांच्या रांगा, भिंतीवर आकडे दाखवणारी पाटी, आणि ओळीने काचेच्या खिडक्या. बहुतेक सगळी पोरंसोरं. बाईंच्या शेजारी बसलेली मुलगी सारखी ओढणीचं टोक पिळत होती. तिने विचारलं, “काकू, तुम्ही मुलासोबत आलात का?”

“नाही गं. मीच विद्यार्थी.”

“तुम्ही?” मुलगी ओढणी पिळायची थांबली. “बापरे. मग मी कशाला घाबरतेय!”

बाई हसल्या. समोरच्या खिडक्यांवर त्यांची नजर गेली आणि त्यांना कसंतरीच झालं. काच त्यांच्या रोजच्या ओळखीची होती, पण आजवर त्या काचेच्या या बाजूला कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. आपल्याकडे येणारी माणसं अशी का वागतात, ते त्यांना आत्ता समजायला लागलं. “परीक्षा नाही हो ही, नुसती तपासणी आहे,” असं आपण त्यांना किती सहज सांगतो! इथे त्यांना तसं सांगणारंही कोणी नव्हतं.

पाटीवर त्यांचा आकडा लागला.

काचेपलीकडचा अधिकारी बाईंच्याच वयाचा असेल. डोक्यावर केस कमी, डोळ्यांखाली जागरणाच्या पिशव्या. भाषा आपलीच बोलत होता, पण पुस्तकातून शिकलेली, प्रत्येक शब्द जपून ठेवल्यासारखी.

“नमस्कार. आपण कोणते काम करता?”

“रुग्णालयात कान तपासते!” बाई म्हणाल्या.

अधिकारी किंचित मागे सरकला. “आमच्या देशात आपल्याला काय शिकायचे आहे?”

“मोठ्या वयात ज्यांना ऐकू कमी येतं, अशा माणसांना मशीनची सवय कशी लावायची, ते!”

शेजारच्या खिडकीवरचा पोरगा आपलं उत्तर विसरला. मागच्या रांगा एकदम गप्प झाल्या. बाईंना यातलं काही जाणवलं नाही. प्रश्न संपला की उत्तर सुरू, एवढंच डोक्यात. खर्च कोण करणार, तर शिष्यवृत्ती! राहणार कुठे, तर वसतिगृहात! तालमीत बसला होता तोच ठेका, आणि तोच आवाज. दाराजवळचा रखवालदार दोन पावलं पुढे आला. खिडकीत बहुधा भांडण लागलंय, असं त्या बिचाऱ्याला वाटलं असावं.

अधिकाऱ्याने हात वर केला. “क्षमा करा. मला ऐकू येते. आपण ओरडत का आहात?”

हा प्रश्न कागदावर नव्हता.

बाई खजील झाल्या. कानशिलं तापली. “घरी वडिलांबरोबर सराव केला,” त्या कशाबशा म्हणाल्या. “त्यांना कमी ऐकू येतं. सवय लागली जोरात बोलायची. माफ करा हं.”

अधिकाऱ्याने समोरच्या कागदांवरून नजर फिरवली, मग बाईंकडे बघितलं. “आपण कान तपासता. मग आपल्या वडिलांकडे मशीन का नाही?”

झालं! सल्लागाराने जिकडे फिरकू नका म्हणून सांगितलं होतं, नेमकं तिथेच येऊन ठेपलं. उत्तर जिभेवर तयार होतं: वडील ठणठणीत आहेत. ठेकाही तयार होता. नुसतं म्हणून टाकायचं.

आणि बाईंना आपली काचेमागची माणसं आठवली. काही जणांना आवाज ऐकूच येत नाही, पण नापास व्हायचं नसतं. मग ती टूं टूंचा ठेका पकडतात आणि अंदाजाने बोट वर करत राहतात. अशी शंका आली की बाई बटणावरून बोट उचलतात आणि नुसत्या गप्प बसतात. तरीही पलीकडचं बोट वर झालं, तर समजायचं. बाईंना अशांचा राग कधी आला नाही, पण त्यांचा कान काही केल्या कळत नाही आणि तपासणी फुकट जाते. हा अधिकारी आत्ता तसाच गप्प बसलाय, असं बाईंना वाटलं. म्हणून त्यांनी आपलं बोट खालीच ठेवलं. सल्लागार पाहत असता तर त्याने टाय सोडून कपाळावर हात मारला असता. बाई चक्क थांबल्या.

“कारण मला ते जमलं नाही, साहेब,” त्या म्हणाल्या. आवाज आता घरातल्यासारखा झाला होता, म्हणजे आप्पा झोपल्यावरच्या घरातल्यासारखा. “तपासायचं मला येतं. हा कान इतका गेला, तो तितका, असा कागद मी हातात देते. पुढे त्या माणसाचं काय होतं, ते मला येत नाही. लोक मशीन घेतात आणि कपाटात टाकतात. लाज वाटते, कानात खरखर होते, घरचे हसतात. माझे वडील तर कपाटापर्यंतसुद्धा पोचले नाहीत. आम्ही दोघं जेवायला बसतो. मी दिवसभरातली एखादी गंमत सांगते. ते हसतात, पण भलत्याच जागी हसतात. पूर्वी मी परत सांगायचे. हल्ली मीही त्यांच्याबरोबर हसते आणि ताट उचलते. मला हे नकोय. यावर काय करायचं, ते तुमच्याकडे शिकवतात.”

“आणि वर्षभर ते एकटे राहतील?”

“हो. त्याची मला भीती वाटते. खोटं कशाला बोलू?”

“शिक्षण झाल्यावर आपण परत याल?”

“साहेब, मी हे ज्यांच्यासाठी शिकणार ते इथेच आहेत,” बाई म्हणाल्या. “तिकडे राहून मी ते कोणावर वापरू?”

अधिकारी टाइप करू लागला. बराच वेळ टाइप करत राहिला. बाई त्याच्या बोटांकडे बघत उभ्या होत्या. मग त्याने त्यांचा पासपोर्ट उचलून स्वतःच्या बाजूच्या टोपलीत टाकला.

“आपला व्हिसा मंजूर आहे. पासपोर्ट घरी येईल.” तो पहिल्यांदाच हसला. “वडिलांना सांगा, सराव उत्तम झाला होता. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचत होता.”

“सांगते, साहेब!” बाई ओरडल्या आणि पटकन तोंडावर हात ठेवला. मागे कोणीतरी खुदकन हसलं. ती ओढणीवाली मुलगी होती. तिने लांबूनच अंगठा दाखवला.

बाई बाहेर आल्या तेव्हा ऊन मी म्हणत होतं. आप्पा बाकावर तसेच बसले होते, कोटात, घामाघूम, पर्स मांडीवर घट्ट धरून. त्यांनी रस्त्यापलीकडून हनुवटी वर केली. काय झालं?

“मिळाला!”

आप्पांनी कानामागे हात नेला नाही. तसं ते कधीच करत नसत. ते नुसते बघत राहिले.

“आप्पा! मिळा-ला! व्हिसा मि-ळा-ला!”

अख्ख्या रस्त्याला कळलं. फळवाला म्हणाला, “अभिनंदन ताई!” एका रिक्षावाल्याने उगाच हॉर्न वाजवला. आप्पा उठून उभे राहिले, पर्स खाली पडली, ती उचलायला वाकले आणि वाकल्यावर बराच वेळ वाकलेलेच राहिले. बाई रस्ता ओलांडून आल्या तेव्हा कुठे सरळ झाले आणि रुमालाने चेहरा पुसत म्हणाले, “काय ऊन आहे! चल, तुझ्या त्या डबड्यात बसतो. शब्द म्हणजे शब्द.”

इतक्या वर्षांत जे झालं नाही, ते आज आपसूक होत होतं. बाईंना वाटलं, आज काय मागू ते मिळेल.

दुपारी रुग्णालयाचा तो मजला सामसूम होता. आप्पा आवाजबंद खोलीत जाऊन कोट न काढता ताठ बसले. बाईंनी त्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवला आणि समोर वाकून, ओठ नीट दिसतील असं म्हणाल्या, “आवाज आला की बोट वर करायचं, गेला की खाली.”

“माहितीय गं. रोज ऐकतो.”

बाई काचेअलीकडे येऊन बसल्या. पहिला आवाज मोठा दिला. बोट वर. त्याहून लहान दिला. बोट वर. आणखी लहान. वर. बाईंचा विश्वास बसेना. अगदी बारीक, त्यांना स्वतःलाही लक्ष देऊन ऐकावा लागेल असा आवाज दिला, तरी आप्पांचं बोट झेंड्यासारखं वर! क्षणभर बाईंचं मन पिसासारखं हलकं झालं. म्हणजे लोकच तोंडातल्या तोंडात बोलत होते की काय? आपण इतकी वर्षं उगाच—

मग त्यांचं लक्ष आप्पांच्या डोळ्यांकडे गेलं. इथे बसलेली माणसं कुठेतरी शून्यात बघतात, काही जण डोळे मिटून घेतात. आप्पा बाईंच्या खांद्याकडे बघत होते. बटण दाबताना खांदा किंचित हलतो, तेवढ्यावर त्यांची नजर.

बाईंनी बटणावरचा हात काढून घेतला. नुसताच खांदा हलवला.

बोट वर.

पुन्हा हलवला. पुन्हा बोट वर, आणि या वेळी वर एक हसूही. बघ, म्हटलं नव्हतं?

बाईंनी उठून जड दार उघडलं आणि हेडफोन काढला. “आप्पा, मी काही वाजवलंच नव्हतं.”

आप्पांनी त्यांचे ओठ वाचले. “पास?”

बाईंनी नकारार्थी मान हलवली. वर राहिलेलं बोट आप्पांनी हळूहळू मांडीवर आणून ठेवलं. त्याच्याकडेच बघत ते म्हणाले, “मला वाटलं, पास झालो म्हणजे तू निवांत जाशील.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“माझेच कान आहेत, मला नाही माहीत?” आप्पांचा आवाज कधी नव्हे तो खाली आला होता. “बहिरा ठरलो असतो तर तू या घरातून हलली असतीस का? आईसाठी एकदा थांबलीस. ते मला अजून टोचतं. म्हटलं, माझ्यापायी परत नको. म्हणून इतकी वर्षं दाखवलेच नाहीत. आज तुझं काम झालं, म्हटलं आता नुसतं पास व्हायचं राहिलं.”

बाई त्याच खोलीत, लहान मुलांना बसवायच्या बुटक्या स्टुलावर बसल्या आणि रडायला लागल्या. रडता रडता चिडल्याही. “आणि मी समजत होते, तुम्ही हट्टी आहात!”

“ते तर आहेच,” आप्पा म्हणाले.

मग खरी तपासणी झाली. आप्पांनी डोळे मिटले, बाईंनी खांदा आवरला. बोट फार थोड्या वेळा वर आलं. मधल्या लांबच लांब शांततेत बाई काचेमागून त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत होत्या. इतके दिवस जे ऐकायचं टाळलं, ते सगळं त्या शांततेत होतं.

“नापास,” त्या दार उघडून म्हणाल्या. “दोन्ही कान.”

“मग तू जाणार नाहीस?”

“जाणार! तुम्ही मशीन लावणार आणि मी जाणार. बोला, कबूल?”

आप्पा कुरकुरले, पण कबूल झाले. कपाटात लोकांना लावून बघायला ठेवलेली मशीन होती. त्यातलं एक बाईंनी त्यांच्या कानामागे बसवलं, आवाज जुळवला. आप्पा दचकले. खुर्ची करकरली, त्यांनी खुर्चीकडे बघितलं. बाईंच्या बांगड्या वाजल्या, त्यांनी बांगड्यांकडे बघितलं.

“ऐकू येतंय का, आप्पा?” बाईंनी नेहमीच्या सवयीने विचारलं.

आप्पांनी दोन्ही हात कानांवर घेतले. “अगं हळू! केवढ्यांदा ओरडतेस! त्या अधिकाऱ्याशी पण अशीच बोललीस की काय?”

बाई इतक्या हसल्या, की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. आप्पाही हसले, आणि या वेळी बरोबर त्याच जागी.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते कळलंही नाही. मशीन कधी कानात असायचं, कधी फळीवर साखरेच्या डब्यामागे सापडायचं. शिंपीणकाकूंनी सकाळ-संध्याकाळ वर येऊन आप्पांचे कान बघायचं काम आपणहून अंगावर घेतलं. “कानात नसलं तर चहा नाही,” असा त्यांनी दम भरला आणि आप्पांनी तो नीट ऐकला.

विमानतळाची बस सकाळची होती. आप्पा कोट घालून सोडायला आले. बॅग वर चढवली, पाणी घेतलंस का विचारलं, घेतलंय म्हटलं तरी परत विचारलं. बाई आपल्या जागेवर बसल्या. बसच्या काचा उघडणाऱ्या नव्हत्या. खाली आप्पा, कानामागे मशीन, आणि मध्ये ती काच.

इंजिन सुरू झालं, आणि बाईंना एकदम आठवलं की सांगायचं ते राहिलंच. त्या काचेला तोंड लावून बोलल्या. काय बोलल्या, ते नंतर त्यांनाही धड आठवलं नाही. जपा, जेवा, मशीन काढू नका, असंच काहीतरी असेल. बोलता बोलता आवाज चिरकला आणि ओठांचं काहीच्या काही झालं. त्या काचेतून, त्या घरघरीत, तसल्या मशीनने एक अक्षर ऐकू येणं शक्य नव्हतं, आणि ते ओठ तर कोणालाही वाचता आले नसते. हे बाईंइतकं कोणाला माहीत असणार?

आप्पांनी बोट वर केलं. बस वळेपर्यंत ते त्यांनी खाली घेतलं नाही.